हॉस्पिटलचं बिल आणि सरकारी मदत : आधी काय विचारायचं, कुठला कागद कधी द्यायचा

दर आठवड्याला कोणीतरी डिस्चार्जच्या दिवशी फोन करून विचारतं, बिल दोन लाख झालंय, आता कुठली योजना लागेल का. खरं सांगायचं तर त्या दिवशी जवळजवळ काहीच लागत नाही. महाराष्ट्रात पेशंटला मदत करणाऱ्या योजना बऱ्याच आहेत पण त्या बहुतेक कॅशलेस आहेत, म्हणजे उपचाराच्या आधी मंजुरी घ्यायची आणि पैसे परस्पर हॉस्पिटलला जातात. आपण पैसे भरून मोकळे झालो की ते परत मागायला दार उरत नाही. त्यामुळे हा सगळा लेख एका गोष्टीबद्दल आहे, कोणत्या क्रमाने विचारायचं आणि कोणता कागद कधी हातात हवा.

१. पेशंट ठणठणीत असताना करायची तयारी

हे कोणी करत नाही, आणि नंतरच्या धावपळीतला मोठा भाग यातूनच येतो.

रेशन कार्ड काढा आणि बघा की घरातल्या सगळ्यांची नावं त्यावर आहेत का. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर असतं, दोन वर्षांच्या पोराचं कुठेच नसतं, आणि आजारी नेमकं तेच पडतं. कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबर माहीत करून घ्या, जुनं फाटकं कार्ड असेल आणि ऑनलाइन नोंदच नसेल तर फुले जन आरोग्य योजनेच्या सिस्टीममध्ये तुमचं कुटुंब सापडत नाही. रेशन दुकानात किंवा तहसीलच्या पुरवठा शाखेत हे करून मिळतं.

मग आधार. रेशन कार्डावर ‘सुरेखाबाई’ आणि आधारवर ‘सुरेखा’, एकीकडे जन्मसाल वेगळं, असले फरक आत्ताच दुरुस्त करून घ्या. आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला असू द्या, कारण केवायसीचा ओटीपी त्याच नंबरवर येतो आणि आजोबांचा नंबर चार वर्षांपूर्वीच बंद पडलेला असतो.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून मिळतो. चालू वर्षाचा काढून ठेवा. मागच्या वर्षीचा दाखला साधारण ३१ मार्चनंतर चालत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये अडकणारे लोक याच कारणाने अडकतात.

आयुष्मान कार्ड काढलं नसेल तर काढून घ्या. ७० वर्षं आणि त्यापुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, ऑक्टोबर २०२४ पासून वय वंदना कार्ड मिळतं, त्याची नोंदणी वेगळी करावी लागते. घरात ज्येष्ठ असतील तर हे काम या महिन्यातच उरका.

*चेक करा:* रेशन कार्ड, सगळ्यांचे आधार, उत्पन्नाचा दाखला, आयुष्मान कार्ड. प्रत्येकाचे दोन-दोन झेरॉक्स एका फाइलमध्ये, आणि फोटो घरातल्या निदान दोघांच्या मोबाइलमध्ये. ज्याच्या मोबाइलमध्ये सगळं आहे तोच अ‍ॅडमिट झाला तर काय, हा विचार करून दोघांच्या म्हणतोय.

२. हॉस्पिटल कुठल्या प्रकारचं आहे ते आधी ओळखा

इथे लोकांचा फार गोंधळ होतो, कारण ‘सरकारी’ म्हटलं की सगळं फुकट असं डोक्यात बसलंय.

पहिला प्रकार, राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची हॉस्पिटलं. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, सिव्हिल म्हणजे जिल्हा रुग्णालय, स्त्री रुग्णालय, नाशिक आणि अमरावतीची सुपर स्पेशालिटी. इथे १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरपासून तपासण्यांपर्यंत उपचार मोफत आहेत.

दुसरा, सरकारी मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं, जसं पुण्याचं ससून किंवा मुंबईचं जेजे. ही वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात, २०२३ चा तो निर्णय यांना लागू नाही. इथे केस पेपरचे, तपासण्यांचे दर असतात, प्रायव्हेटपेक्षा खूपच कमी, पण असतात. तिसरा, महानगरपालिकेची, म्हणजे केईएम, सायन, नायर वगैरे. त्यांचे दर पालिका ठरवते. सिव्हिलमध्ये फुकट झालं म्हणून मेडिकल कॉलेजच्या काउंटरवर भांडणारे लोक बघितलेत, त्यात काउंटरवरच्या माणसाची काही चूक नसते.

चौथा, धर्मादाय म्हणजे ट्रस्टची हॉस्पिटलं. बाहेरून चकाचक, आत एसी, पार्किंगला वेगळे पैसे, आणि तरी कागदावर सार्वजनिक न्यास. पाचवा, पूर्ण प्रायव्हेट. या दोन्हींपैकी काही फुले योजनेच्या पॅनलवर, म्हणजे योजनेतून उपचार करणाऱ्या हॉस्पिटलांच्या यादीत, असतात, काही नसतात.

> सावधान : पॅनलवर असणं म्हणजे सगळ्या आजारांसाठी असणं नाही. एखादं हॉस्पिटल हृदयरोगासाठी पॅनलवर असतं आणि हाडांच्या ऑपरेशनसाठी नसतं. फोनवर विचारताना ‘तुमच्याकडे योजना आहे का’ असं विचारू नका, ‘या आजारासाठी, या ऑपरेशनसाठी योजना आहे का’ असं विचारा.

३. आरोग्यमित्र (योजनेचा हॉस्पिटलमधला मदतनीस) गाठा, बिलिंग काउंटरच्या आधी

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्ही आपल्याकडे एकत्र चालतात. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर, किडनी ट्रान्सप्लांटसाठी साडेचार लाख. पूर्वी हे फुले योजनेत दीड लाख होतं आणि ठरावीक कार्डवाल्यांनाच होतं. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पिवळं, केशरी, पांढरं सगळ्या कार्डांना खुलं केलं. ‘आमचं पांढरं कार्ड आहे, आम्हाला काय मिळणार’ म्हणून विचारतच नाहीत असे लोक अजून भेटतात. विचारा. रेशन कार्डच नसेल तर अधिवासाचा दाखला घेऊन विचारा.

५ लाख माणशी नाहीत हं, कुटुंबाला मिळून आहेत. वर्षाच्या सुरुवातीला वडिलांच्या बायपासला वापरले असतील तर आईच्या वेळी उरलेले किती ते आरोग्यमित्राकडून आधीच बघून घ्या.

पॅनलवरच्या प्रत्येक हॉस्पिटलमध्ये योजनेचा कक्ष आणि आरोग्यमित्र असतो. सहसा रिसेप्शनजवळ, कधीकधी जिन्याखाली. क्रम असा ठेवा :

पहिल्यांदा आरोग्यमित्राला आधार आणि रेशन कार्ड दाखवून नोंदणी करा. मग डॉक्टरांच्या ओपीडीत दाखवा, आणि अ‍ॅडमिट व्हायचं ठरलं की डॉक्टरांना स्पष्ट सांगा की आम्ही योजनेतून करतोय. मग हॉस्पिटल रिपोर्टसकट ऑनलाइन मंजुरी मागतं, यालाच सगळे प्री-ऑथ किंवा अप्रूव्हल म्हणतात. अप्रूव्हल आलं की ऑपरेशन. हे उलटं करू नका, म्हणजे आधी ‘जनरल’मध्ये अ‍ॅडमिट होऊन, डिपॉझिट भरून, चौथ्या दिवशी योजना आठवली, असं केलं की हॉस्पिटल म्हणतं आता केस कॅश झाली, आणि मग तुम्ही, आरोग्यमित्र आणि बिलिंगवाला असं तीन कोनात फिरत बसता.

इमर्जन्सीत काय? आधी उपचार. हार्ट अटॅक आलेला माणूस घेऊन कागद शोधत बसू नका. योजनेत इमर्जन्सीसाठी फोनवरून तात्पुरती मंजुरी घ्यायची सोय आहे, ती हॉस्पिटलने आणि आरोग्यमित्राने मिळून घ्यायची असते. तुमचं काम एवढंच, पेशंट आत गेला की घरातल्या एकाने ताबडतोब आरोग्यमित्राला सांगायचं आणि दुसऱ्याने कागद आणायला पळायचं. रात्री कक्षात कोणी नसेल तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन करून सांगा, बोललेल्या माणसाचं नाव आणि वेळ लिहून ठेवा.

पॅकेजमध्ये काय येतं ते माहीत असलं की कोणी गंडवत नाही. बेड, ऑपरेशन, भूल, त्या आजारासंबंधीच्या तपासण्या, औषधं, शरीरात बसवायचे इम्प्लांट, जेवण, आणि डिस्चार्जनंतर ठरावीक दिवसांची औषधं. यातलं काही बाहेरून आणायला सांगितलं तर चिठ्ठी फाडू नका, तिचा फोटो काढा आणि आणायच्या आधी आरोग्यमित्राला दाखवा.

आणि काय येत नाही तेही. ही योजना म्हणजे उपचारांची ठरलेली यादी आहे, सगळ्या आजारांचा इन्शुरन्स नाही. नुसती ओपीडी, नुसत्या गोळ्या, अंगावर काढलेला ताप यात बसत नाही. शिवाय यादीतले काही उपचार फक्त सरकारी हॉस्पिटलमध्येच करायचे असं ठरलेलं आहे. प्रायव्हेटने ‘हे आमच्याकडे योजनेत होणार नाही’ म्हटलं तर ते प्रत्येक वेळी टाळाटाळच करतायत असं समजू नका, आधी विचारा की हा उपचार सरकारीसाठी राखीव आहे का. तसं असेल तर कुठल्या सरकारी हॉस्पिटलमध्ये होईल तेही आरोग्यमित्रच सांगू शकतो.

*चेक करा:* अ‍ॅडमिट होताना सही करायच्या कागदावर ‘कॅश’ लिहिलंय का योजनेचं नाव लिहिलंय. वाचल्याशिवाय सही नाही, नर्स कितीही घाई करू दे.

४. योजनेत बसत नाही? मग ट्रस्ट हॉस्पिटलचे राखीव बेड

हा भाग लोकांना सगळ्यात कमी माहितीये, म्हणून जरा निवांत सांगतो.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ एए आणि त्यावर मुंबई हायकोर्टाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना, यांच्याप्रमाणे धर्मादाय हॉस्पिटलने १० टक्के बेड निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के बेड दुर्बल घटकांना सवलतीत द्यायचे असतात. त्यासाठी हॉस्पिटल स्वतःच्या एकूण बिलिंगचे २ टक्के बाजूला काढून निर्धन रुग्ण निधीत टाकतं, त्याला आत सगळे आयपीएफ म्हणतात. निर्धनसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार, दुर्बलसाठी ३ लाख ६० हजार. पूर्वी या मर्यादा ८५ हजार आणि १ लाख ६० हजार होत्या, आणि हॉस्पिटलच्या भिंतीवर अजून जुना बोर्ड दिसला तर तो बघून परत फिरू नका.

कुठे जायचं? बिलिंगला नाही, एमएसडब्ल्यू म्हणजे समाजसेवकाकडे. ‘सोशल वर्करला भेटायचंय, आयपीएफचा फॉर्म हवाय’ एवढं एक वाक्य बोला. नुसतं ‘काही सवलत मिळेल का’ विचारलं की मॅनेजमेंट दयाळूपणा म्हणून बिलातून पाच-दहा टक्के कमी करतं आणि तुम्ही खूश होऊन घरी जाता, मुळात हक्काचं जे होतं ते बाजूलाच राहतं. मला या ‘डिस्काउंट’चा फार राग येतो.

फॉर्मला जोडायचं : रेशन कार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधार, डॉक्टरांचा सल्ला आणि एस्टिमेट म्हणजे खर्चाच्या अंदाजाचा कागद. अर्ज दिल्याची पोच घ्या, देत नसतील तर अर्जाचा तारखेसकट फोटो काढा आणि हॉस्पिटलच्या ईमेलवर पाठवून ठेवा.

बिल कसं वाचायचं तेही बघून घ्या. निर्धन रुग्णाला बेड, निवासी डॉक्टर, नर्सिंग, रुटीन तपासण्या वगैरेचा चार्जच लावायचा नसतो, आणि बाकीचं बिल, औषधं-इम्प्लांटसुद्धा खरेदीच्या भावाने, आयपीएफमधून वळतं करायचं असतं. दुर्बल घटकाला मात्र सगळं माफ नाही. त्याला सगळ्यात खालच्या क्लासच्या दराने बिल लागतं, आणि औषधं, कन्झ्युमेबल (एकदा वापरून टाकायचं सामान), इम्प्लांट यांचे निदान निम्मे पैसे भरावे लागतात. त्यामुळे अडीच लाख उत्पन्नाचा दाखला घेऊन ‘सगळं फ्री करा’ म्हणून भांडण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा बिल जनरल वॉर्डच्या दराने लावलंय का ते बघा.

यात बाकी दोन चुका वारंवार होतात. एक, लोक आधी स्पेशल रूम घेतात, मग आयपीएफ मागतात. रूम घेतली की तुमचा अर्ज तिथेच कमजोर होतो. दोन, ‘बेड शिल्लक नाहीत’ या उत्तरावर घरी जातात. कुठल्या धर्मादाय हॉस्पिटलमध्ये राखीव बेड किती आणि रिकामे किती याची माहिती ऑनलाइन असते, धर्मादाय आयुक्तांच्या वेबसाइटवरून तिथे जाता येतं. त्याचा स्क्रीनशॉट काढून समाजसेवकाला दाखवा, आवाज चढवायची गरज पडत नाही.

> सावधान : इमर्जन्सीत धर्मादाय हॉस्पिटलने आधी पेशंट घ्यायचा, जीव वाचवायला लागतील ते उपचार करायचे आणि डिपॉझिट मागत बसायचं नाही, हे त्याच योजनेत आहे. डिपॉझिटसाठी अडवलं तर शांतपणे म्हणा, ‘नकार लेखी द्या.’ लेखी सहसा कोणी देत नाही, बेड मात्र मिळतो.

५. मुख्यमंत्री सहायता निधी : शेवटचा टप्पा, पण उशिराचा नाही

हा अर्ज वरच्या दोन्हींत बसलं नाही किंवा पैसे कमी पडले तर करायचा. फुले योजनेत होणारं ऑपरेशन तुम्ही पॅनलबाहेरच्या हॉस्पिटलमध्ये केलंत आणि इथे मागितलंत तर अर्ज बहुधा परत येतो. ठरलेल्या गंभीर आजारांसाठीच मदत मिळते, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानात बसवायचं यंत्र), अवयव प्रत्यारोपण, कॅन्सर, अपघात, नवजात बाळाचे आजार, भाजलेले रुग्ण, डायलिसिस असे. आणि रक्कम पूर्ण बिलाची नसते, मदत असते, हे डोक्यात ठेवूनच बाकीची जुळवाजुळव करा.

पैसे तुमच्या खात्यात येत नाहीत, हॉस्पिटलच्या खात्यात जातात. म्हणून सगळ्यात पहिला प्रश्न, हॉस्पिटल या निधीच्या सिस्टीमवर नोंदलेलं आहे का. नसेल तर बाकी कागद सोन्याचे असले तरी उपयोग नाही.

कागद : विहित नमुन्यातला अर्ज, एस्टिमेट मूळ प्रत आणि प्रायव्हेट हॉस्पिटल असेल तर त्यावर सिव्हिल सर्जनचं प्रमाणीकरण, चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला १ लाख ६० हजारांच्या आतला, पेशंटचं महाराष्ट्राचं आधार (बाळ असेल तर आईचं), रेशन कार्ड, आजाराचे रिपोर्ट. पेशंट अ‍ॅडमिट असेल तर त्याचा जिओ टॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो. अपघात असेल तर एफआयआर किंवा एमएलसी म्हणजे हॉस्पिटलने केलेली पोलिस केसची नोंद. ट्रान्सप्लांट असेल तर झेडटीसीसीच्या (विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या) नोंदणीचा कागद.

लक्षात घ्या, इथली उत्पन्नाची मर्यादा धर्मादायवाल्यापेक्षा कमी आहे. १ लाख ७५ हजारांचा दाखला तिथे निर्धन म्हणून चालतो, इथे नाही.

ईमेलने पाठवणार असाल तर सगळं एकाच पीडीएफमध्ये, वाचता येईल असं स्कॅन करून. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले तिरके, सावली पडलेले बारा फोटो जोडले की अर्ज त्रुटीत जातो आणि तोपर्यंत पेशंट घरी येतो. आता जिल्हाधिकारी कार्यालयातही निधीचे कक्ष झालेत, मंत्रालयात चकरा मारायची गरज नाही, तिथे कागद एकदा नजरेखालून घालून घ्या.

> सावधान : झालेल्या खर्चाची भरपाई इथे मिळत नाही. बिल भरून डिस्चार्ज घेतला की विषय संपला. एस्टिमेट हातात पडलं त्याच दिवशी अर्ज.

आणि अर्ज करायला पैसे मागणारा कोणीही एजंट असेल, मग तो कुठल्याही साहेबाचं नाव घेऊ दे, त्याला कागद देऊ नका.

६. सुटून जाणाऱ्या दोन-तीन गोष्टी

लहान मूल असेल तर अंगणवाडीत किंवा शाळेत तपासणीला येणाऱ्या आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) पथकाला आधी विचारा, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या जन्मजात आजारांच्या ऑपरेशनचा, हृदयाच्यासुद्धा, रस्ता तिथून सोपा पडतो. सरकारी दवाखान्यातली बाळंतपणं, सिझेरियनसकट, आणि वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत, जायच्या-यायच्या गाडीसकट, १०२ ला फोन करायचा. रस्ते अपघात असेल तर केंद्राची २०२५ ची कॅशलेस योजना आहे, अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंत, त्यासाठी पोलिसांकडे नोंद लवकर होणं गरजेचं असतं.

७. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी

डिस्चार्जच्या दिवशी नाही, आदल्या दिवशी. आरोग्यमित्राकडून विचारून घ्या, किती रक्कम मंजूर झाली, काही क्वेरी पेंडिंग आहे का. क्वेरी म्हणजे सहसा एखादा रिपोर्ट किंवा फोटो अपलोड व्हायचा राहिलेला असतो, तो शेवटच्या तासाला सापडत नाही.

हॉस्पिटलने योजनेतल्या पेशंटकडून पैसे घेतले असतील तर पावती मागा. पावतीशिवाय दिलेले पैसे दिलेच नाहीत असं धरलं जातं. पावती असेल तर हेल्पलाइनवर आणि जिल्ह्यातल्या योजनेच्या समन्वयकाकडे लेखी तक्रार करता येते, पॅनलवरच्या हॉस्पिटलला ती जड जाते. धर्मादाय हॉस्पिटलबद्दलची तक्रार वेगळ्या ठिकाणी, आपल्या जिल्ह्याच्या धर्मादाय सह आयुक्त किंवा उपायुक्त कार्यालयात. एकीची तक्रार दुसरीकडे टाकली की महिनाभर नुसती ‘आमच्याकडे येत नाही’ अशी उत्तरं येतात.

तक्रारीत राग लिहू नका, तारखा लिहा. अमुक तारखेला अ‍ॅडमिट, अमुक तारखेला आरोग्यमित्राकडे किंवा समाजसेवकाकडे अर्ज, अमुक पावती नंबरने इतके पैसे घेतले, आम्हाला इतके परत हवेत. एका पानात बसवा, मागे झेरॉक्स लावा, आणि त्या कार्यालयाचा आवक नंबर आपल्या प्रतीवर टाकून घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.